पैसे आहेत, पण कोणाच्या नावावर?

दांडिया बाजार, बडोदा इथून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

"मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून केमिकल इंजिनिअर झाली. मँचेस्टरला त्याच विषयातल्या एक वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. वर्ग 21 सप्टेंबरला सुरू होतात. फी 30,000 पौंड, पैकी 3,000 भरलेत. बँकेने 32 लाखांचं शिक्षणकर्ज मंजूर केलंय. व्हिसासाठी दाखवायचे बाकीचे पैसे असे आहेत: यांच्या बचत खात्यात 4 लाख, म्युच्युअल फंडात 3 लाख, पतपेढीत अडीच लाख आणि सासऱ्यांची 7 लाखांची एफडी. एजंट म्हणतो, हे सगळं हलवत बसू नका, दीड टक्का द्या, बॅलन्स आम्ही दाखवतो. दोन वर्षांपूर्वी मुलीला अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा नाकारला होता, तेही फॉर्मात लिहायचं नाही म्हणे. जन्मदाखल्यावर आम्हा दोघांची नावं 'भाई' आणि 'बेन' लावून आली आहेत, पासपोर्टवर तशी नाहीत. मामंजी वेगळेच रुसलेत. नातीसाठी माझा पैसा चालत नाही म्हणजे काय, असं विचारतात. आता आम्ही काय करावं?"

ताई, एजंटला दीड टक्का द्यायची गरज नाही. तुम्ही लिहिलेले आकडे बरोबर असतील तर तुमच्याकडे पुरेसा पैसा आहे. फक्त तो चार ठिकाणी, वेगवेगळ्या नावांवर आणि चार रूपांत विखुरला आहे. ब्रिटनच्या व्हिसा खात्याला पैसे किती यापेक्षा ते कोणाच्या नावावर, कुठल्या रूपात आणि किती दिवस आहेत याच्याशी जास्त देणंघेणं असतं. भरपूर पैसा असलेल्या घरांचे अर्ज फेटाळले जातात ते इथेच.

आधी हिशेब करू. 11 नोव्हेंबर 2025 पासून लंडनबाहेरच्या विद्यार्थ्याने राहण्याखाण्यासाठी महिना 1,171 पौंड दाखवायचे असतात (लंडनमध्ये 1,529). अभ्यासक्रम कितीही मोठा असला तरी जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे धरतात. म्हणजे 10,539 पौंड. त्यात पहिल्या वर्षाची उरलेली फी 27,000 मिळवा. एकूण 37,539. पौंड 125 रुपये धरला तर 46 लाख 92 हजार. कर्जाचे 32 लाख वजा केले की 14 लाख 92 हजार राहतात. तुमच्या चारही ठिकाणच्या रकमा मिळून साडेसोळा लाख होतात. पैसा आहे म्हटलं ते यावरून.

मात्र पौंडाचा भाव अर्ज ज्या दिवशी कराल त्या दिवशीचा धरतात, आणि तोही ओअँडा या संकेतस्थळावरचा. तुमच्या बँकेच्या बोर्डावर काय आहे ते कोणी पाहत नाही. पौंड एका रुपयाने चढला की तुमची गरज साडेसदतीस हजारांनी वाढते. म्हणून जेमतेम रक्कम ठेवू नका, साडेसोळाच्या साडेसोळा लाख ठेवा. पौंड 129 पर्यंत गेला तरी त्यात निभावेल. आणि मुलगी तिकडे पार्टटाइम करून भागवेल हा हिशेब घरात करायलाही हरकत आहे. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत कामाची मुभा मिळते, पण ती कमाई अर्जात शून्य धरतात.

सयाजीराव महाराजांनी 1913 साली बाबासाहेबांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. आजही सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर देणाऱ्या खात्याचं पत्र पुरतं, दिवस मोजावे लागत नाहीत. तुमच्याकडे तसं पत्र नाही, म्हणून 28 दिवसांचा नियम तुम्हाला लागू होतो.

नियम असा की कर्जाव्यतिरिक्तची रक्कम सलग 28 दिवस खात्यात असली पाहिजे. त्यातल्या एकाही दिवशी शिल्लक गरजेच्या खाली जाता कामा नये. सरासरी बघत नाहीत, महिनाअखेरची शिल्लकही बघत नाहीत. 28 दिवसांपैकी सत्ताविसाव्या दिवशी एलआयसीचा हप्ता आपोआप कापला गेला आणि शिल्लक गरजेपेक्षा सातशे रुपयांनी कमी झाली, तर दुसऱ्या दिवशी भरपाई करून उपयोग नाही, मोजणी पुन्हा एकपासून. विजेचं बिल, एसआयपी, क्रेडिट कार्डाचं ऑटोपे, बँकेचं वार्षिक शुल्क, असं जे जे न विचारता कापलं जातं ते सगळं त्या खात्यावरून काढून टाका. शिवाय स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या तारखेपासून 31 दिवसांच्या आत हवी. ऑनलाइन फी ज्या दिवशी भरता ती अर्जाची तारीख. फॉर्म कधी भरायला घेतला याला अर्थ नाही, आणि अहमदाबादला बोटांचे ठसे कधी दिले यालाही नाही.

तुमच्या बाबतीत समजा 10 जूनला सगळे पैसे एकत्र आले. 10 जून हा पहिला दिवस, मग अठ्ठाविसावा दिवस 7 जुलै. आपण एक दिवस जादा ठेवून 8 जुलैपर्यंतचं स्टेटमेंट काढू. त्यावर 8 ऑगस्टपर्यंत कधीही अर्ज चालेल. मोजताना बोटं कमी पडतात आणि सत्तावीसला अठ्ठावीस समजून अर्ज होतो. कॅलेंडरवर पेनाने एकेक दिवस खोडा.

आता नावाचा प्रश्न. पैसा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या अथवा कायदेशीर पालकाच्या खात्यात चालतो. आजोबा, काका, मामा, मोठा भाऊ यांच्या खात्यातला चालत नाही. एकत्र कुटुंब ही कल्पना त्या नियमात नाही. म्हणून मामंजींची एफडी त्यांच्या नावावर आहे तोवर ती 7 लाखांची असो की 70, अर्जाच्या दृष्टीने नसल्यासारखीच. म्युच्युअल फंड, शेअर, प्रॉव्हिडंट फंड, सोनं, घर हेही मोजत नाहीत. लागतो तो असा पैसा, ज्याला हात लावला की लगेच रोख हातात येईल. पतपेढीचं दुखणं तिसरंच आहे. पैसे ठेवलेली संस्था त्या देशाच्या बँक नियामकाच्या देखरेखीखाली हवी आणि तिच्या नोंदी संगणकावर हव्यात, म्हणजे अधिकाऱ्याला पडताळणी करता येते. पतपेढी रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिच्या पासबुकावर कितीही शिक्के असले तरी ते बाद. सहकारी बँकांचं तसं नाही, त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. पण लहान सहकारी बँकेला परदेशातून पडताळणीचा ईमेल गेला तर उत्तर कोण देणार, हा विचार करा आणि शक्यतो राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खाजगी बँकेत पैसे ठेवा.

मग पैसे एकत्र करायचे ते कुठे? बहुतेक घरांत उत्तर असतं, वडिलांच्या खात्यात. आमचं मत वेगळं आहे. मुलीच्या खात्यात करा. तिचं वय 18 च्या वर आहे, पॅन आहे, बचत खातं असेलच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी उघडलेलं आणि नंतर पडून राहिलेलं असेल तर आधी केवायसी करून ते चालू करून घ्या. पैसा तिच्या नावावर आला की जन्मदाखला, आई-वडिलांचं संमतीपत्र, भाषांतर, नावांतला फरक हे सगळं एकदम गळून पडतं, कारण ते कागद फक्त आई-वडिलांचं खातं दाखवलं तरच लागतात. तुमच्या 'भाई' आणि 'बेन'चा प्रश्नही त्याबरोबर सुटतो. वडिलांनी किंवा आजोबांनी दिलेली भेट मुलीच्या हातात करमुक्त असते, त्यामुळे प्राप्तिकराची धास्ती नको.

पैसे वळवण्याचा क्रम लावून घ्या, कारण प्रत्येकाला वेगवेगळा वेळ लागतो. पतपेढीला सगळ्यात आधी सांगा. मुदत ठेव मोडायला तिथे अर्ज, मंजुरी आणि कधीकधी पुढच्या सभेची वाट, असं चालतं. अडीच लाख रोख घेऊ नका, चेक किंवा एनईएफटीच मागा. वीस हजार आणि त्यावरची ठेव रोखीने परत करायला सहकारी संस्थेला कायद्याने मनाईच आहे, शिवाय स्टेटमेंटवर एकदम लाखांची रोकड दिसली की वाचणाऱ्याच्या भुवया उंचावतात. म्युच्युअल फंडाचे पैसे विकल्यावर दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात. फक्त त्यात कर वाचवणारी योजना असेल तर तीन वर्षांची मुदत संपली का ते पाहा. एफडी त्याच दिवशी मोडता येते, व्याजात थोडी कपात होते. प्रत्येक हालचालीचा कागद ठेवा: एफडी मोडल्याची पावती, फंड विकल्याचं स्टेटमेंट, पतपेढीच्या चेकची झेरॉक्स. नियमात हे मागितलेलं नाही, पण चार दिवसांत साडेसोळा लाख एका विद्यार्थिनीच्या खात्यात कुठून आले असं विचारलं गेलं तर उत्तर हाताशी हवं.

व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी अर्जाबरोबरच घेतात ती रक्कम) या साडेसोळा लाखांतून भरू नका. एप्रिल 2025 च्या दरांनुसार फी 524 पौंड होती. आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड. पण एक वर्षाच्या कोर्सचा व्हिसा आधीचा एक महिना आणि नंतरचे चार महिने धरून मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा लागतो, 1,164 पौंड. त्या दरांनी दोन्ही मिळून दोन लाख अकरा हजारांच्या आसपास. ही रक्कम वडिलांच्या खात्यात वेगळी ठेवा. ज्या कार्डाने भरणार त्यावर परदेशी व्यवहार चालू आहेत का आणि एका वेळची मर्यादा किती, हे आदल्या दिवशी बघा. अर्ध्या रात्री पेमेंट अडकतं आणि स्टेटमेंटचा एकतिसावा दिवस निघून जातो, असंही होतं.

कर्जाच्या 32 लाखांकडे आता लक्ष द्या, कारण तुमच्या अर्जाचा मोठा भाग त्या एका पत्रावर उभा आहे. शिक्षणकर्जाला 28 दिवसांचा नियम नाही, ही सोय मोठी. बदल्यात पत्राची भाषा काटेकोर लागते. ते सँक्शन लेटर समोर ठेवून वाचा. कर्ज मुलीच्या नावावर आहे का? वडील सहकर्जदार चालतात, पण मुख्य कर्जदार वडील आणि मुलगी नुसती 'लाभार्थी' असेल तर चालत नाही. पत्र अर्जाच्या तारखेपूर्वी सहा महिन्यांच्या आतलं आहे का? रक्कम, तारीख, बँकेचं नाव आणि हे शिक्षणकर्ज योजनेतलं कर्ज आहे हे लिहिलंय का? मुलगी निघण्याआधी पैसे उपलब्ध होतील किंवा फीची रक्कम थेट विद्यापीठाला जाईल असं स्पष्ट आहे का?

आणि शेवटचं, जिथे बहुतेक पत्रं मार खातात: कर्ज सोडण्याला अटी किती आहेत? 'व्हिसा मिळाल्यावर' ही एकच अट चालते. 'तारण नोंदणी पूर्ण झाल्यावर', 'मार्जिन मनी (खर्चातला तुमचा वाटा) भरल्यावर', 'वकिलाचा टायटल रिपोर्ट आल्यावर' यातलं एकही वाक्य असलं तर अधिकाऱ्याच्या लेखी पैसा अजून मिळालेला नाही. बँकेचे छापील मसुदे अशा वाक्यांनी भरलेले असतात. शाखेतले लोक मुद्दाम करत नाहीत, तो त्यांचा नेहमीचा साचा. तारणाचं काम आधी उरकून घ्या आणि मग 'सर्व अटी पूर्ण झाल्या आहेत' असं नवीन पत्र मागा. दांडिया बाजारातलं जुनं घर तारण असेल तर सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबांचं नाव नाही ना, हे आजच बघा. वारसाई लावण्यात महिना सहज जातो.

एजंटच्या दीड टक्क्याचं काय? ते लोक दोन तऱ्हेने काम करतात. एकात कोणाचे तरी पैसे महिनाभर तुमच्या खात्यात फिरवतात, दुसऱ्यात स्टेटमेंट किंवा कर्जाचं पत्रच बनावट देतात. पहिल्यात मुलीला पैसे कुठून आले ते सांगता येत नाही. दुसऱ्यात बँकेकडे पडताळणी गेली की मामला संपला. खोटा कागद किंवा फसवणूक सिद्ध झाली तर अर्ज फेटाळला जातोच, वर दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचे दरवाजे बंद होऊ शकतात. दीड टक्का एजंट घेऊन जातो, दहा वर्षं मात्र मुलीच्या नावावर राहतात.

अमेरिकेच्या नकाराचंही तेच. फॉर्ममध्ये कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारला का, असा सरळ प्रश्न आहे. 'हो' लिहा. कुठला व्हिसा, कोणत्या महिन्यात, काय कारण सांगितलं, हे दोन ओळींत लिहा. अमेरिकेच्या नकाराच्या कागदावर बहुधा 214(b) हे कलम (माणूस परत जाईल याची खात्री पटली नाही, असं सांगणारं) असतं, ते तसंच लिहा. टुरिस्ट व्हिसाच्या नकाराने विद्यार्थी व्हिसाला फारशी बाधा येत नाही. लपवला आणि सापडला तर मात्र तीच फसवणूक ठरते, आणि ब्रिटन आणि अमेरिका एकमेकांकडे बोटांचे ठसे पडताळून बघतात. ज्या एजंटने हे लपवायला सांगितलं त्याच्याकडून फॉर्म तरी भरून घेऊ नका. घेतलाच असेल तर एक गोष्ट तपासा: फॉर्मवर ईमेल आणि फोन कोणाचा टाकलाय? बरेच एजंट स्वतःचाच टाकतात. मग जादा कागद मागणारी किंवा मुलाखतीला बोलावणारी मेल त्यांच्याकडे जाते आणि तुम्ही घरी वाट बघत बसता. ईमेल मुलीचाच हवा, आणि स्पॅमचा कप्पाही रोज उघडायचा.

पत्रात तुम्ही एका गोष्टीचा उल्लेखच केलेला नाही, आणि आम्हाला काळजी तिचीच वाटते. एटास. केमिकल इंजिनिअरिंगसारख्या काही तांत्रिक विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी भारतीय विद्यार्थ्यांना ब्रिटिश परराष्ट्र खात्याचं हे मंजुरीपत्र घ्यावं लागतं. ऑफर लेटरमध्ये तसं लिहिलेलं असतं आणि विषयाचा कोडही दिलेला असतो. फी नाही, अर्ज ऑनलाइन, पण चार ते सहा आठवडे धरून चला, उन्हाळ्यात जास्तही. हे पत्र नसेल तर व्हिसाचा अर्ज पूर्ण होत नाही. त्यात अभ्यासक्रमातले विषय, तिचं आधीचं शिक्षण, नोकरी किंवा प्रकल्प केले असतील तर तेही, आणि दोन रेफरी (तिला ओळखणारी, तिच्याबद्दल सांगू शकणारी माणसं) लागतात. एम.एस.युनिव्हर्सिटीतल्या ज्या सरांचं नाव देणार त्यांना आधी फोन करा, आणि ईमेल त्यांचा कॉलेजचा द्या. हा अर्ज पैशांसाठी थांबवायचा नाही, या आठवड्यात टाका.

टीबीच्या तपासणीचंही काम समांतर चालू द्या. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या भारतीयाला ती लागते आणि ब्रिटिश सरकारच्या यादीतल्याच दवाखान्यात करावी लागते. घरच्या डॉक्टरने काढलेला एक्स-रे, कितीही स्वच्छ असला तरी, चालत नाही. पासपोर्ट बरोबर न्यायचा. दाखला सहा महिने चालतो. एक्स-रेत काही शंकास्पद दिसलं तर थुंकीचं कल्चर करतात आणि त्याचा निकाल यायला दोन महिनेही लागतात. म्हणून हे जूनमध्येच उरकायचं.

कॅस, म्हणजे विद्यापीठाने दिलेला प्रवेशनिश्चितीचा क्रमांक, हातात आला की तो पासपोर्टसमोर ठेवून अक्षर न अक्षर जुळवा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कोर्सच्या तारखा, आणि भरलेले 3,000 पौंड त्यात दिसतात का. दिसत नसतील तर विद्यापीठाला लिहून दुरुस्त करून घ्या, नाहीतर तुमची गरज तीन हजार पौंडांनी म्हणजे पावणेचार लाखांनी वाढलेली धरली जाईल. विद्यापीठाच्याच होस्टेलची अनामत भरली असेल तर तीही कॅसवर यायला सांगा, 1,529 पौंडांपर्यंतची रक्कम खर्चातून वजा होते. खाजगी होस्टेलची मात्र होत नाही. इंग्रजीची परीक्षा कुठली मानली तेही कॅसवरच असतं. एक कॅस एकाच अर्जाला चालतो. अर्ज फेटाळला गेला तर अधिभार परत मिळतो, व्हिसाची फी मिळत नाही, आणि पुन्हा अर्ज करायचा तर नवा कॅस लागतो. चूक अधिकाऱ्याची असेल तर 28 दिवसांत 80 पौंड भरून फेरतपासणी मागता येते. चूक आपली असेल तर त्यात वेळ घालवू नये.

मुलाखत सगळ्यांची होत नाही, पण होणार असं धरूनच तयारी करायला हवी. काही विद्यापीठं कॅस देण्याआधी स्वतःही घेतात. व्हिडिओवर साधे प्रश्न असतात: हाच कोर्स का, याच गावात का, इथल्या कोर्सपेक्षा वेगळं काय, पैसे कोण देतंय, परत येऊन काय करणार. 'मला विद्यापीठाचं रँकिंग चांगलं वाटलं' हे उत्तर तिथे रोज दहा जण देतात. तिला तिच्या कोर्समधली चार-पाच मॉड्यूल्सची नावं आणि ती का घ्यायची आहेत हे सांगता आलं पाहिजे. कोयली, नंदेसरीच्या पट्ट्यात वाढलेल्या केमिकल इंजिनिअरला त्याचं उत्तर घराजवळच सापडतं: रिफायनरी आहे, पेट्रोकेमिकल्स आहेत, तिथे काय कमी पडतं आणि ती काय शिकून येणार. पैशांबद्दल तिला लाखांत आणि पौंडांत दोन्ही आकडे पाठ असावेत. कर्जाचा व्याजदर किती, आणि हप्ता कधीपासून, हेही. 'ते बाबांना माहीत' असं उत्तर देऊ नये.

जन्मदाखल्याबद्दल मुळात विचारलंच आहे, तर सांगतो. मुलीच्या खात्याचा मार्ग धरलात तरी दाखला बॅगेत असावा. कर्ज ऐनवेळी अडलं आणि वडिलांचं खातं दाखवायची वेळ आली तर तो लागेल. गुजरातेत जन्मलेल्या मराठी मुलांच्या दाखल्यांवर वडिलांच्या नावाला 'भाई' आणि आईच्या नावाला 'बेन' जोडलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट, दवाखान्यातल्या नोंदीतच ते तसं लिहिलं गेलेलं असतं. इकडच्या कोणालाही त्याचा अर्थ कळतो. शेफील्डमध्ये फाइल वाचणाऱ्याला मात्र 'विजय' आणि 'विजयभाई' ही दोन माणसं वाटू शकतात. महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात आधार, पॅन आणि पासपोर्ट दाखवून दुरुस्तीचा अर्ज करता येतो. ते लांबलं तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लावा आणि तेच वाक्य संमतीपत्रातही घाला. दाखला नुसता गुजरातीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. यातलं एक राहिलं तरी भाषांतर धरत नाहीत.

अर्ज भरून झाला की अहमदाबादच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायला जायचं. बायोमेट्रिकची वेळ ऑगस्टमध्ये पटकन मिळत नाही, जुलैत मिळते. त्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे. नियमाने गरज नसली तरी निर्णय येईपर्यंत खात्याला हात लावू नका. आता पासपोर्टवर बहुधा स्टिकर येत नाही, ई-व्हिसा असतो. तो यूकेव्हीआयच्या (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्यात दिसला आणि त्यातला पासपोर्ट क्रमांक बरोबर असल्याची खात्री झाली, की मग तिकीट काढा. त्याआधी काढायचंच असेल तर तारीख बदलता येणारं काढा.

राहिले मामंजी. त्यांचा पैसा चालतो, ताई, फक्त एफडीच्या रूपात आणि त्यांच्या नावावर चालत नाही. त्यांना एफडी मोडून पैसे थेट नातीच्या खात्यात वळवायला सांगा, मधे तुमच्या यजमानांचं खातं नको. सोबत साध्या कागदावर चार ओळी इंग्रजीत लिहून घ्या: मी अमुक, अमुकचे आजोबा, तिच्या शिक्षणासाठी 7 लाख रुपये भेट म्हणून देत आहे, ही रक्कम परत घेणार नाही. खाली त्यांचं आधारवर आहे तसं पूर्ण नाव आणि खाते क्रमांक. नातीचं नाव पासपोर्टवर आहे तसं लिहा, घरातलं लाडकं नाव नको. तारीख मात्र ज्या दिवशी पैसे वळवतील त्याच दिवसाची घालायला सांगा.